मेलेल्या माणसाचं नाव सांगा

थरारकथा नुकतीच संपवलेल्या माणसाला मी एकच प्रश्न विचारते: ज्याचा खून झाला त्याचं नाव काय? बहुतेक जण अडखळतात. खुनी कोण ते चटकन सांगतात, शेवटच्या प्रकरणात कलाटणी कशी मिळाली तेही रंगवून सांगतात. मेलेल्याचं नाव काही ओठांवर येत नाही.

आत्मचरित्र वाचलेल्याला माझा प्रश्न वेगळा. लेखकाचा ज्याच्यावर सगळ्यांत जास्त राग आहे, त्या माणसाची एखादी तरी चांगली गोष्ट पुस्तकात सापडली का?

प्रश्न दोन असले तरी मला जाणून घ्यायचंय ते एकच. या पुस्तकात लेखकाखेरीज आणखी कुणी राहतं का? थरारकथेतला मेलेला माणूस आणि आत्मचरित्रात लेखकाच्या वाट्याला आलेला माणूस, या दोघांनाही बोलायची सोय नसते. एक जगात नाही, दुसऱ्याच्या हातात लेखणी नाही. त्यांची बाजू लेखकानंच सांभाळायची असते. ती सांभाळली, तर पुस्तक मोठं. नाही सांभाळली, तर खप कितीही असो, माझ्या लेखी पुस्तक नापास.

गेल्या काही वर्षांत गाजलेली आत्मचरित्रं आणि थरारकथा मी याच कसोटीवर वाचल्या. निकाल पुढे आहेत. थरारकथांचे शेवट फोडलेले नाहीत, निर्धास्त वाचा.

*

पहिला नंबर अरुंधती रॉय यांच्या 'मदर मेरी कम्स टू मी'चा. पुस्तक 2025 मध्ये आलं, विषय त्यांची आई मेरी रॉय. केरळातल्या सिरियन ख्रिश्चन मुलींना बापाच्या मालमत्तेत भावाइतका वाटा मिळावा म्हणून ही बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 1986 मध्ये जिंकली. कोट्टायमला तिनं शाळा काढली आणि नावारूपाला आणली. दम्यानं बेजार, नवऱ्यापासून वेगळी, माहेरच्यांशी उभा दावा. आणि हीच बाई पोटच्या मुलांना शब्दांनी सोलून काढायची. लेक पुस्तकभर आईला 'मिसेस रॉय' म्हणते.

अशा आईवर लिहिताना दोन सोप्या वाटा असतात. तिची देवी करायची, नाहीतर चेटकीण करायची. अरुंधतीबाई दोन्ही वाटा नाकारतात. आईनं केलेले अपमान त्या विसरत नाहीत आणि तिनं कित्येक बायकांना मिळवून दिलेला हक्कही विसरत नाहीत. अठराव्या वर्षी त्यांनी घर सोडलं. आई सप्टेंबर 2022 मध्ये गेली. मधल्या चार दशकांचा हिशेब त्या मांडतात, पण बेरीज करून एक आकडा हातात देत नाहीत. वाचून झाल्यावर मला मेरी रॉय आवडल्या की नाही हे अजून ठरत नाही, आणि त्यांना विसरणं तर शक्यच नाही. आईवरची पुस्तकं आपल्याकडे पायलीला पन्नास निघतात. त्यांतल्या बहुतेकांत आई म्हणजे नुसता पदर आणि डोळ्यांतलं पाणी असते. आईचा माणूस म्हणून विचार कसा करायचा, हे शिकायला हे पुस्तक वाचावं.

*

दुसरी आई अमेरिकेतली. जेनेट मॅकर्डी या बालकलाकार मुलीच्या आत्मकथनाचं नावच 'आय ॲम ग्लॅड माय मॉम डाइड' असं आहे. आई मेली याचा आनंद झाला, असं मुखपृष्ठावरच छापलेलं. आपल्याकडे हे नाव ऐकूनच कपाळाला आठ्या पडतील. पडू द्या, पण पुस्तक उघडा.

निकलोडियनच्या 'आयकार्ली' मालिकेमुळे मॅकर्डी घराघरांत पोचली. मुलीनं नटी व्हावं हे आईचं स्वप्न होतं. मुलीचं अंग भरू नये म्हणून आईनं तिला अकराव्या वर्षी कॅलरी मोजून अर्धपोटी राहायला शिकवलं. पुढे खाण्याच्या विकारानं मुलीची तारुण्यातली वर्षं खाल्ली. आई 2013 मध्ये कर्करोगानं गेली. पुस्तक 2022 मध्ये आलं.

मॅकर्डीनं सगळं वर्तमानकाळात लिहिलंय, त्या त्या वयाच्या डोळ्यांनी. त्यामुळे अकरा वर्षांची मुलगी आईवर जीव ओवाळून टाकताना दिसते. आईला खूश केलं की तिला जग जिंकल्यासारखं वाटतं. आईचं हसणं, नाटकं, तिची भीती, सगळं आधी आपल्याला लळा लावतं आणि मग कळतं की हिच्याच हातून लेकीचं वाटोळं होतंय. रागानं लिहिलेलं पुस्तक इतकं न्यायानं लिहिता येतं, यावर माझा आधी विश्वास नव्हता. मुलांना रिॲलिटी शोच्या रांगेत उभं करणाऱ्या प्रत्येक आईबापानं हे वाचलंच पाहिजे.

*

आता राजपुत्र. हॅरी यांचं 'स्पेअर' 10 जानेवारी 2023 ला आलं आणि पहिल्याच दिवशी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा मिळून 14 लाख 30 हजार प्रती गेल्या. ललितेतर पुस्तकाच्या पहिल्या दिवशीच्या विक्रीचा हा विक्रम. पुस्तकाचं शब्दांकन जे. आर. मोरिंगर यांचं. हा पुलित्झर मिळालेला पत्रकार, हात तयार असलेला.

आई गेली तेव्हा हॅरी बारा वर्षांचे होते. आई मेलेलीच नाही, कुठंतरी लपून बसली आहे, असं मनाशी धरून बसलेला मुलगा या पुस्तकात आहे, आणि ती पानं खरी आहेत. त्या पानांसाठी पुस्तक वाचावं. पण भाऊ येतो तो प्रत्येक वेळी आरोपी म्हणून. 2019 मध्ये विल्यम यांनी ढकलून खाली पाडलं, गळ्यातली माळ तुटली, कुत्र्याचं भांडं पाठीखाली फुटलं, हे सगळं तपशीलवार आहे. आई तर विल्यम यांचीही गेली होती. पंधरा वर्षांच्या त्या मुलावर काय गुदरलं असेल, याचा विचार या जाडजूड पुस्तकाला फार करावासा वाटलेला नाही. माझी मोठी तक्रार तीच.

दोष शब्दांकन करणाऱ्याचा म्हणावा, तर त्याच मोरिंगर यांनी आंद्रे आगासीचं 'ओपन' लिहायला हात दिला होता. ते 2009 चं पुस्तक. त्यातला बाप बघा. इराणकडून ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध खेळलेला, लास व्हेगासला येऊन पोरावर चेंडूंचा मारा करणारं यंत्र स्वतःच्या हातानं तयार करणारा. मुलाला टेनिसचा तिटकारा आला तो या बापामुळे. तरी तो बाप पानोपानी धडधडत जिवंत आहे. त्याची जिद्द, परक्या देशातली त्याची असुरक्षितता, मुलाच्या यशानंतरही न सुटलेली त्याची हाव, सगळं दिसतं. लेखणी एकाच माणसाची. फरक पडला तो सांगणाऱ्याच्या मनामुळे. शब्दांकन करणारा वाक्यं देऊ शकतो. दुसऱ्याला समजून घेण्याची इच्छा ज्याची त्यानंच आणायची असते.

शब्दांकन हे काही कमीपणाचं काम नाही. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' 1970 मध्ये पुस्तकरूपानं आलं, त्यामागे अरुण साधूंची लेखणी होती. पण आवाज हंसाबाईंचाच राहिला. ज्यांनी छळलं त्यांच्याबद्दल त्या जितक्या मोकळेपणी बोलल्या, तितक्याच मोकळेपणी स्वतःच्या निर्णयांबद्दलही. श्याम बेनेगलांना या पुस्तकावरून 'भूमिका' हा चित्रपट करावासा वाटला तो या मोकळेपणामुळेच, असं मी मानते.

*

12 ऑगस्ट 2022. न्यूयॉर्क राज्यातलं शटॉक्वा. व्यासपीठावर सलमान रश्दी, आणि प्रेक्षकांतून सुरा घेऊन धावत आलेला तरुण. हल्ला 27 सेकंद चालला. रश्दींचा उजवा डोळा गेला. दोन वर्षांच्या आत, एप्रिल 2024 मध्ये, त्यांनी 'नाइफ' लिहून हातात ठेवलं.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसानं इतक्या जखमांमधून उठून टेबलाशी बसावं, यालाच माझा आधी नमस्कार. पुस्तकाचा पूर्वार्ध उत्तम आहे. इस्पितळातले तपशील, पुन्हा हात हलवायला शिकणं, पत्नी एलायझाची सोबत, हे सगळं त्यांनी निर्भीडपणे लिहिलंय. हल्लेखोराचं नाव न घेता ते त्याला फक्त एका अक्षरानं संबोधतात. हा त्यांचा हक्क आहे.

पण पुढे ते त्याच्याशी एक काल्पनिक संवाद रचतात. प्रश्न रश्दींचे, उत्तरंही रश्दींनीच लिहिलेली. इथं पुस्तक ढिलं पडतं. ज्याला नाव दिलं नाही त्याला आवाज कसा देणार? 'मिडनाइट्स चिल्ड्रन'मध्ये अख्खं शहर बोलतं करणाऱ्या लेखकाला या पोराच्या तोंडी खरी वाटतील अशी वाक्यं सापडलेली नाहीत. ज्यानं डोळा काढला त्याला समजून घ्या, असं रश्दींना सांगायचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. माझं म्हणणं फक्त पुस्तकापुरतं आहे. संवाद लिहायचा तर दुसऱ्याला खरोखर बोलू द्यावं लागतं. नाहीतर तो भाग गाळावा. तो गाळला असता तर 'नाइफ' आणखी धारदार झालं असतं.

*

मग रशियातला विरोधी नेता अलेक्सेई नवाल्नीचं 'पेट्रियट' वाचा. ऑगस्ट 2020 मध्ये तोम्स्कहून मॉस्कोला येणाऱ्या विमानात विषबाधेनं हा माणूस कोसळला. जर्मनीत उपचार झाले. आपल्याला काय वाढून ठेवलंय हे ठाऊक असूनही जानेवारी 2021 मध्ये तो रशियात परतला. विमानतळावरच अटक झाली. 16 फेब्रुवारी 2024 ला आर्क्टिक टापूतल्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला. पुस्तक त्याच वर्षी ऑक्टोबरात आलं.

अर्ध्याहून पुढचा भाग तुरुंगातली डायरी आणि पत्रं. इथं जेलर आहेत, पहारेकरी आहेत, कोठडीतले सोबती आहेत. ज्यांच्या हातून त्याचा छळ होतोय, त्यांच्याकडे तो कुतूहलानं बघतो. हा माणूस घरी जाऊन बायकोला काय सांगत असेल, याला खरंच पटतं का हे सगळं, असे प्रश्न त्याला पडतात. सत्ताधाऱ्यांचा तो कडवा शत्रू. हुकूम पाळणाऱ्या शिपायाचा मात्र द्वेष करत नाही. इतक्या बिकट जागी बसून दुसऱ्याचं माणूसपण ज्याला दिसतं, त्याचं पुस्तक मी डोक्यावर घेते. गेल्या काही वर्षांतलं माझ्या मते हे सर्वांत मोठं आत्मकथन.

*

एक पुस्तक मात्र माझ्या मनातून उतरलं. रेनर विन यांचं 'द सॉल्ट पाथ', 2018 चं. घर गेलं, नवऱ्याला मेंदूचा असाध्य आजार निघाला, आणि दोघं पाठीवर तंबू घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यानं 630 मैल चालली, अशी कथा. लाखो वाचकांनी ती उराशी धरली, चित्रपटही निघाला. जुलै 2025 मध्ये 'ऑब्झर्व्हर'नं शोधबातमी छापली: घर गेलं त्याचं कारण पुस्तकात आहे त्याहून वेगळं आहे, एका जुन्या मालकाच्या पैशांच्या अपहाराचा आरोप त्यामागे आहे, आणि आजाराबद्दलही प्रश्न आहेत. लेखिकेनं ती बातमी दिशाभूल करणारी ठरवली आणि आपली बाजू मांडली.

खरं-खोटं ज्याचं त्यानं तपासावं. मला वाचक म्हणून टोचलं ते असं की बातमी आल्यावर पहिल्यांदा त्या मालकाच्या घरच्यांचं म्हणणं ऐकायला मिळालं. इतकी वर्षं पुस्तक गाजत होतं, आणि या माणसांना त्यात जागाच नव्हती. आत्मचरित्रातली गोष्ट एका बाजूची असते, हे आपण धरूनच चालतो. पण दुसरी बाजू अस्तित्वातच नाही असं भासवणं हा वाचकाचा विश्वासघात आहे. प्रकाशकांनी आत्मचरित्र छापण्याआधी तथ्यं तपासावीत. वर्तमानपत्राला जे जमतं ते इतक्या मोठ्या प्रकाशनसंस्थांना जमू नये?

*

आता थरारकथा. सध्याची महाराणी फ्रीडा मॅकफॅडन. पेशानं डॉक्टर, मेंदूच्या दुखापतींवर उपचार करणारी, टोपणनावानं लिहिणारी. 2022 च्या 'द हाउसमेड'नं तिला जगभर नेलं, 2025 च्या अखेरीस त्यावर चित्रपट आला. तुरुंगातून सुटलेली मिली एका श्रीमंत घरात कामाला लागते. तिला झोपायला माळ्यावरची खोली मिळते आणि त्या खोलीला कडी बाहेरून आहे.

वेग जबरदस्त. रात्री हातात घेतलं की पहाटेपर्यंत सुटत नाही, हे मान्य. अर्ध्यावर निवेदन बदलतं आणि जिला आपण घरातली खाष्ट बाई समजत होतो तिचं म्हणणं कानावर येतं. पुस्तकातला सर्वांत चांगला भाग तो. तिथं दुसऱ्याची बाजू खरंच उभी राहते, आणि बंद दारांमागे बाईचं काय होतं हे नुसत्या करमणुकीपलीकडे जाऊन कळतं.

पण तिची पुढची पुस्तकं ओळीनं वाचा. कलाटणीसाठी माणसं येतात, कलाटणी झाली की जातात. तीन पुस्तकांनंतर कुठली बायको कुठल्या घरातली हे सांगता येत नाही. प्रकाशक आता मुखपृष्ठावरच कलाटणीची जाहिरात करतात. धक्का बसणार हे आधीच माहीत असलेला वाचक पानापानावर संशय घेत बसतो, माणसांत जीव गुंतवत नाही. यात लेखिकेपेक्षा प्रकाशनाच्या बाजाराचा दोष मोठा आहे. चार महिन्यांत नवीन पुस्तक हवं, तर माणसं घडवायला वेळ कुठून आणायचा?

डॅन ब्राउन आठ वर्षांनी परतले. 'द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स', सप्टेंबर 2025. घटना प्रागमध्ये घडतात. प्राग सुंदर उतरलंय, पूल, गल्ल्या, गोलेमची दंतकथा सगळं. माणसं मात्र व्याख्यानं देत पळतात. जाणिवेचं काय होतं मेल्यानंतर, यावर पानंच्या पानं आहेत. मेलेल्या माणसांवर ओळी मोजक्याच. शहर पास, कादंबरी काठावर.

*

पैकीच्या पैकी गुण एस. ए. कॉस्बी यांच्या 'रेझरब्लेड टिअर्स'ला. 2021 चं पुस्तक. स्थळ व्हर्जिनिया. एका काळ्या बापाचा आणि एका गोऱ्या बापाचा मुलगा, दोघांनी एकमेकांशी लग्न केलेलं. दोघांचाही खून होतो. दोन्ही बाप तुरुंग बघून आलेले, दोघांनीही मुलाला कधी स्वीकारलं नव्हतं. पोलिसांचा तपास थंडावतो तेव्हा आइक आणि बडी ली हे दोन बाप स्वतः खुन्यांच्या मागे लागतात.

हाणामारी भरपूर आहे, रक्त तर फारच. पण पानोपानी प्रश्न एकच: आपला मुलगा होता तरी कोण? जिवंतपणी ज्याच्याशी धड बोललो नाही, त्याची ओळख बाप त्याच्या मित्रांकडून, त्याच्या कामावरून, त्याच्या लहान मुलीकडून करून घेतात. आयझाया आणि डेरेक. मेलेल्या दोघांची नावं मला पाठ आहेत. सूडकथा लिहिताना सूडापेक्षा पश्चात्ताप मोठा ठेवणारा लेखक विरळा. ज्यांच्या घरात मुलाशी किंवा मुलीशी अबोला आहे, त्यांनी हे पुस्तक वाचावं आणि मग फोन उचलावा.

लिझ मूर यांचं 'द गॉड ऑफ द वुड्स' 2024 चं. ऑगस्ट 1975, न्यूयॉर्क राज्यातलं अ‍ॅडिराँडॅक्सचं जंगल, मुलांचं उन्हाळी शिबिर. तेरा वर्षांची बार्बरा एका सकाळी खाटेवर नसते. शिबिराची जमीन तिच्याच श्रीमंत बापाची. तिचा भाऊ 1961 मध्ये तिथूनच नाहीसा झाला होता, आणि तेव्हा संशयाचं खापर एका गरीब कामगाराच्या डोक्यावर फुटलं होतं. मूरबाई घाई करत नाहीत. बंकमधली मैत्रीण, शिबिरातली ताई, औषधांच्या गुंगीत ठेवलेली आई, तपासाला आलेली जुडिटा ही तरुण पोलीस, सगळ्यांना त्या बोलू देतात. श्रीमंतांचं मूल हरवलं की जंगल पिंजून काढतात आणि गरिबाचं नाव खराब झालं की ते तसंच राहतं, हे या कादंबरीनं न ओरडता दाखवलंय.

*

जपानचे केइगो हिगाशिनो आपल्याकडे 'सस्पेक्ट एक्स'मुळे माहीत आहेत. करीना कपूरचा 'जाने जाँ' त्याच कादंबरीवर बेतलेला. मी मात्र सांगेन, 'न्यूकमर' वाचा. टोकियोच्या निहोनबाशी भागात एकटी राहणारी मिनेको मित्सुई नावाची बाई घरात मेलेली सापडते. कागा नावाचा पोलीस त्या भागात नवीन बदलून आलाय. तो एकेका दुकानात जातो. तांदळाच्या कुरकुरीत पापड्यांचं दुकान, चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान, घड्याळजी, केकवाला. प्रत्येक दुकानात वेगळं कुटुंब, वेगळी लपवाछपवी, वेगळी सासू-सून. आणि प्रत्येक प्रकरणातून मेलेल्या बाईचा स्वभाव थोडा थोडा समजत जातो. पुस्तकात ती जवळजवळ कुठंच प्रत्यक्ष येत नाही, तरी शेवटी सर्वांत जवळची वाटते. रहस्यकथा कशी लिहावी याचा हा पाठ आहे. मराठीत लिहू पाहणाऱ्या प्रत्येकानं गिरवावा.

रिचर्ड ऑस्मन यांच्या 'थर्सडे मर्डर क्लब' मालिकेतली म्हातारी मंडळी केंटमधल्या वृद्धांच्या वसाहतीत बसून खुनांचा छडा लावतात. मालिकेतलं चौथं पुस्तक 'द लास्ट डेव्हिल टू डाय', 2023 चं, ते माझं आवडतं. यात खून होतो कुलदेश शर्मा या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचा. तो या मंडळींचा दोस्त आहे, आणि त्याचं जाणं त्यांना लागतं. त्याच्या जोडीला, मंडळींतल्याच एलिझाबेथचा स्मृती हरवत चाललेला नवरा. हलकंफुलकं म्हणून विकलं जाणारं पुस्तक म्हातारपणाबद्दल इतकं खरं बोलतं, की आपल्या घरातल्या ज्येष्ठांसमोर ते मोठ्यानं वाचून दाखवावं.

*

थरारकथांत मरतं कोण, हेही मोजा. बहुतेकदा तरुण बाई. पहिल्या पानावर प्रेत, दुसऱ्या पानावर पोलीस, आणि पुढे तीनशे पानं खुन्याच्या बुद्धीचं कौतुक. याला कंटाळून 2018 मध्ये ब्रिटनमध्ये स्टॉन्च बुक प्राइझ निघालं. ज्या थरारकथेत बाईला मारहाण, छळ, बलात्कार, खून यांतलं काही नाही, तिच्यासाठी. त्यावर लेखिकांमध्येच वाद झाला. बायकांवर अत्याचार होतात हे वास्तव आहे, ते लिहायचंच नाही का, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त आहे. अत्याचार लिहा, पण जिच्यावर झाला तिला नाव, घर, आवडीनिवडी द्या.

हॅली रूबेनहोल्ड यांनी 'द फाइव्ह'मध्ये नेमकं तेच केलं. 1888 मध्ये लंडनच्या जॅक द रिपरनं मारलेल्या पाच बायका. खुन्यावर आजवर शेकडो पुस्तकं निघाली. रूबेनहोल्ड यांनी 2019 च्या या पुस्तकात खुन्याला बाजूला सारलं आणि पॉली, ॲनी, एलिझाबेथ, केट आणि मेरी जेन या पाच जणींचे जन्म, लग्नं, नोकऱ्या, दारिद्र्य यांचा माग काढला. पुस्तकाला बेली गिफर्ड पुरस्कार मिळाला. माझ्या कसोटीला इतकं उतरलेलं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

*

आणि आपण? आत्मकथनात मराठीनं कुणाकडून धडे घ्यायची गरज नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागानं आली. नवरा धर्म बदलतो, बाईच्या संसाराची राखरांगोळी होते, तरी रेव्हरंड टिळक तिच्या पानांवर किती लोभस, किती हट्टी, किती जिवंत! 1984 मध्ये मल्लिका अमर शेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहिलं, त्यात नामदेव ढसाळांचा कवी म्हणून मोठेपणाही आहे आणि नवरा म्हणून दिलेला त्रासही. 1990 च्या 'आहे मनोहर तरी'त सुनीताबाईंनी पुलंबद्दल जे लिहिलं ते त्यांच्या हयातीत, त्यांच्याच घरात राहून लिहिलं. नवऱ्यावर रागावून, त्याच्यावर प्रेम करून, स्वतःलाही न सोडता. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये तर 'मी' मागे राहतो आणि अख्खा महारवाडा पुढे येतो. ही आपली परंपरा. तिच्या पुढे आजची गौरवग्रंथछाप आत्मचरित्रं ठेवा. मानपत्रं, सत्काराचे फोटो, मान्यवरांची प्रस्तावना. त्यांत बायको पाठीशी खंबीरपणे उभी असते, आणि अख्ख्या पुस्तकात एकदाही बोलत नाही. हा करंटेपणा थांबला पाहिजे.

रहस्यकथेत मात्र आपण मागे पडलो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, धनंजय, झुंजार, काळापहाड घराघरांत नेले आणि कित्येकांना वाचायची गोडी लावली. त्यांचं ऋण मोठं आहे. ती वाट पुढे रुंद व्हायला हवी होती. आज जगातल्या थरारकथा आपण अनुवादातून वाचतो, मूळ मराठीत अशी पुस्तकं फार थोडी. वाड्याची पुनर्बांधणी, जमिनीचे सौदे, सहकारी बँक बुडणं, वृद्धाश्रम, गावातला आंतरजातीय विवाह, यांतल्या प्रत्येकात एक मोठी कादंबरी आहे आणि आपलं नाव कुणी घ्यावं म्हणून थांबलेला एक मेलेला माणूस आहे. मराठी प्रकाशकांनी तरुण लेखकांकडून हे लिहून घ्यावं, चांगले पैसे देऊन आणि दोन वर्षांचा वेळ देऊन.

वाचकांना माझं सांगणं थोडक्यात. खपाच्या याद्या बघून पुस्तक घेऊ नका. दुकानात किंवा वाचनालयात उभ्यानं मधली दहा पानं वाचा. त्या दहा पानांत लेखक किंवा त्याचा नायक सोडून आणखी कुणी स्वतःच्या आवाजात बोलताना ऐकू आलं, तर पुस्तक घरी आणा. नाही आलं, तर कपाटात परत ठेवा आणि शेजारचं उचला.